वाड्याच्या खिडक्या आणि शिशाचा रंग: कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

भाऊबीज झाली, पाहुणे पांगले, आजपासून वाड्याचं काम धरलं. नाशिकला तिवंधा चौकाच्या आतल्या बोळातला आमचा वाडा, सागवानी, कडीपाटाचा, मधे चौक. दादा जानेवारीत पुण्याहून कायमचा इकडे येतोय म्हणून माजघर, ओसरी आणि वरची एक खोली आधी करायची. भिंतींचं काही नाही, खरं काम लाकडाचं आणि गजांचं आहे. सहा खिडक्या, बारा झडपा, दोन मोठे दरवाजे, सगळ्यांवर ऑइल पेंट.

पेंटर काकांनी पत्रीने (रंग खरवडायच्या पात्याने) खिडकीच्या कडेचा एक पोपडा उचकटून दाखवला. नखाएवढा तुकडा, पण त्याची कड बघितली तर वरून आयव्हरी, मग आकाशी, मग हिरवा, त्याखाली अजून एक गडद हिरवा, आणि लाकडाला चिकटलेला पिवळट पांढरा थर. सुरळीच्या वडीसारखे थर दिसतात. काका म्हणाले खालचा तो सफेद्याचा हात, माझ्या वडलांनी मारलेला असेल, तेव्हा सफेदा, म्हणजे पांढरी रंगपूड, बेलतेलात (जवसाच्या तेलात) घोटून रंग घरीच करायचे. मला ते ऐकून भारी वाटलं, फोटो काढून ठेवला.

दादा, वहिनी आणि दोन वर्षांची पुतणी तुळशीच्या लग्नापर्यंत इथंच आहेत.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मी फर्स्ट शिफ्टला होतो. काकांच्या मुलाने काम लवकर उरकावं म्हणून सँडर मशीन आणलं आणि दोन झडपा चौकातच घासल्या. मी चारला आलो तर चौकभर फिकट हिरवी धूळ, तुळशीवृंदावनावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ओसरीच्या फरशीवर. पुतणी ओसरीवर बसून त्या धुळीत बोटाने रेघा ओढत होती, एक गोल काढला की बोट तोंडात, मग परत गोल. वहिनी हसून म्हणाली चित्रकार होणार. मीही हसलो. आईने केरसुणी घेऊन सगळं झाडलं, धूळ उडाली, मी नळीने पाणी मारलं. झडपा मात्र मस्त गुळगुळीत झाल्या होत्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

काम थांबवलं. कारण लिहून ठेवतो.

आज कंपनीत (मी अंबडला मेंटेनन्सला आहे) फ्लोअर मार्किंगचा पिवळा पेंट इश्यू करताना स्टोअरमधे त्याचं सेफ्टी डेटा शीट चाळलं, त्यात लेड क्रोमेट लिहिलेलं. हे शीट मी दहा वेळा तरी फाईलला लावलं असेल. पण आज डोक्यात चौकातली हिरवी धूळ होती. जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो. जुना हिरवा ऑइल पेंट बऱ्याचदा क्रोम ग्रीन असायचा, म्हणजे क्रोम यलो अधिक प्रशियन ब्लू, आणि क्रोम यलो म्हणजेच लेड क्रोमेट, म्हणजे शिसं. सफेदा कधी जस्ताचा असायचा, कधी शिशाचा. गजांवर गंज येऊ नये म्हणून मारायचे तो शेंदरी प्रायमर बऱ्याचदा रेड लेड, आणि शेंदूर मुळात तेच, शिशाचं ऑक्साइड. म्हणजे त्या पोपड्यातले जे थर बघून मला भारी वाटलं होतं त्यातला जवळपास प्रत्येक थर संशयित आहे.

आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि एका वर्षाने लागू झाला. २०१७! अमेरिकेत घरगुती वापरावर १९७८ ला बंदी आली. सफेद्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार तर १९२१ चा, काकांचे वडील जन्मायच्या आधीचा. म्हणजे आपल्याकडे फक्त वाडेच नाही, २०१७ च्या आधी ऑइल पेंट मारलेला कुठलाही फ्लॅट, शाळा, बालवाडीचं गेट, सगळंच तपासल्याशिवाय घासू नये असं.

आणि लेकरांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषलं जातं. हे वाचलं तेव्हा डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पोरीला उचललं आणि बॅग भरायला लागली. दादा मला म्हणाला तुला हे आधी कळायला नको होतं का, तू कंपनीत तेच काम करतोस ना. बरोबर आहे त्याचं. रात्रीच तिघं निफाडला वहिनीच्या माहेरी गेले, तुळशीचं लग्न तिकडेच करणार.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी टाकली. आजचं काम फक्त सफाई, पण झाडू नाही. केरसुणीने बारीक धूळ उचलली जात नाही, हवेत जाते आणि दोन-चार तासांनी परत फरशीवर बसते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या पिशवीतून बारीक कण मागून बाहेर येतात, अगदी बारीक कणही अडवणारा हेपा फिल्टरवालाच लागतो. कंपनीला जो ठेकेदार मशीन देतो त्याच्याकडून रोजाने भाड्याने आणला.

आधी व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, मग परत व्हॅक्यूम. पुसायला दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं पिळायचं, आणि गढूळ झालं की लगेच बदलायचं. ते पाणी चौकातल्या मोरीत नाही सोडलं, गटार सरळ गोदेकडे जातं, कापडातून गाळून संडासात ओतलं. तुळशीवृंदावनातली वरची चार बोटं माती काढून पिशवीत भरली. आईला वाईट वाटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी तुळशीची माती काढतोस म्हणाली, पण तिनेच मग गंगापूर रोडच्या नर्सरीतून नवी माती आणायला लावली.

त्या दिवशी वाळत असलेले कपडे सगळे वेगळे धुतले. पोरीची खेळणी पण.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

टेस्ट. ऑनलाइन मागवलेल्या किटच्या काड्या आल्या, रंगावर घासायच्या, शिसं असेल तर गुलाबी-लाल होतात. शिकलेली गोष्ट अशी की वरवर घासून काही कळत नाही, वरचा आयव्हरी नवा आहे. ब्लेडने तिरका काप द्यायचा म्हणजे सगळे थर उघडे पडतात, मग काडी. झडपेवर दहा-पंधरा सेकंदात लाल झाली. गजाच्या शेंदरी थरावर वाचताच येईना, मुळात रंगच तसला. आणि प्लास्टरची धूळ मधे आली तर काडी फसते, शिसं असून लाल होत नाही. म्हणजे लाल झाली तर सावध व्हायचं, नाही झाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

मित्राने सुचवलं सराफ बाजारात सोन्याचा कस बघायचं एक्सरे मशीन असतं त्यावर पोपडा ठेवून बघ. गेलो पण. तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलं की आमचं मशीन सोन्याच्या मिश्रणासाठी सेट केलेलं असतं, रंगाच्या तुकड्याचा आकडा खरा येणार नाही, लॅबला द्या. मग चार नमुने झिप पाऊचमधे घालून लॅबला दिले: झडप, चौकट, गज आणि भिंतीचा डिस्टेंपर. नमुना काढताना सगळे थर थेट लाकडापर्यंत आले पाहिजेत, नाहीतर नुसत्या नव्या रंगाचा रिपोर्ट येतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काकांशी बसून बोललो. हे सगळ्यात अवघड होतं, कारण त्यांनी पस्तीस वर्षं हेच काम केलंय आणि मी त्यांना सांगणार की तुमची पद्धत चुकीची. ते आधी म्हणाले, "भाऊ, आम्ही ब्लो लँपने जाळून काढायचो, काय झालं आम्हाला?" मग स्वतःच म्हणाले की पोट नेहमी धरलेलं असतं, साफ होत नाही, आणि मनगटात पूर्वीसारखा जोर नाही. मी डॉक्टर नाही, वयानेही होतं असं. पण शिशाने पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणं आणि मनगट लुळं पडणं हे जुन्या काळापासून पेंटरांच्यात बघितलेलं दुखणं आहे. त्यांना रक्त तपासायला तयार केलं. खर्च माझा.

ब्लो लँप पूर्ण बंद. ज्योतीने रंग जळतो तेव्हा शिशाची वाफ होते आणि ती थेट छातीत जाते. अमेरिकेच्या नियमात तर हीट गनसुद्धा (गरम हवेने रंग सोडवायचं मशीन) ११०० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ५९३ सेल्सिअसच्या वर चालवायला मनाई आहे. रंग सोडवायचा रिमूव्हर म्हणाल तर आपल्याकडे डब्यातला बराचसा रिमूव्हर मिथिलीन क्लोराइडचा असतो, बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावलेली आहेत. तोही बंद.

बोलता बोलता काकांनी सवयीने डबी काढली. तंबाखू तळहातावर घेतली, अंगठ्याने चुना लावून मळायला लागले. सकाळी शेजारच्या गल्लीत त्यांनी एक दरवाजा घासला होता. तळहाताच्या रेघांत, अंगठ्याच्या पेरात, नखाच्या कडेला ती धूळ मला स्पष्ट दिसत होती, आणि अंगठा तीच धूळ तंबाखूत मळत होता. चिमूट ओठाखाली गेली. मी तिथंच म्हटलं काका थांबा, आणि त्यांना त्यांचाच हात दाखवला. ते बराच वेळ तळहात बघत राहिले. मग उठून चूळ भरली. मास्क, प्लास्टिक हे सगळं ठीकच, पण माझ्या मते पेंटरच्या अंगात सगळ्यात जास्त शिसं या रस्त्याने जात असणार, तंबाखू, बिडी आणि न धुतलेल्या हाताने घेतलेला चहा-बिस्किट.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, त्यामुळे सगळं बंद. आज लॅबचा रिपोर्ट. डिस्टेंपर ९० च्या खाली, म्हणजे भिंती मोकळ्या. चौकट ११,४०० पीपीएम. झडप ३८,०००. गज ६४,०००. परत वाचला, मला वाटलं स्वल्पविराम चुकलाय.

दुपारी पुतणीच्या रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट आला. ८.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलीटर.

बालरोगतज्ज्ञ शांतपणे बोलले. म्हणाले शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच नाही, ५ च्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे, आणि शरीरातून शिसं बाहेर काढायची औषधं ४५ च्या आसपास गेल्यावर विचारात घेतात, इतक्याला नाही. जेवणात लोह, कॅल्शियम, म्हणजे पालेभाजी, नाचणी, दूध, वर लिंबू किंवा आवळा, आणि पोट रिकामं ठेवायचं नाही, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. दोन-तीन महिन्यांनी परत तपासणी. मग त्यांनी एक एक विचारलं, सुरमा घालता का, हळद सुटी आणता का (पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळतात), पितळेच्या भांड्यांना कल्हई कुठून करता, देवाचा शेंदूर पोरीच्या हाताला लागतो का, शेजारी बॅटरी दुरुस्ती आहे का. म्हणजे सगळं एका सँडरवर ढकलून मोकळं होता येत नाही. शेंदुराची डबी आईने आजच वरच्या फडताळात ठेवली.

वहिनी सगळं वहीत लिहून घेत होती. माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मांडणी. ठरवलं की सगळा रंग काढायचा नाही. जो रंग घट्ट आहे, पोपडे नाहीत, घासला जात नाही, तो तसाच ठेवून वरून ओल्या पॉलिश पेपरने हलका हात आणि नवा कोट. शिसं आत बंद राहिलं तर त्रास नाही. रंग काढायचा तो फक्त जिथं लाकूड लाकडाला घासतं तिथं, झडपेच्या कडा, चौकटीचा खाचा, दरवाज्याचा खालचा काठ, कारण रोज उघडझाप केली की तिथून रोज थोडी थोडी धूळ पडणार. आणि गज, कारण पोरं गज धरून उभी राहतात आणि तोंड लावतात.

झडपा बिजागऱ्यांतून काढून वरच्या खोलीत नेल्या. खोली पूर्ण रिकामी, फरशीवर जाड प्लास्टिक भिंतीपर्यंत, कडांना टेप. दाराला प्लास्टिकचे दोन पडदे एकावर एक. पंखा बंद. जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे आणि आपण पाणी फवारणार, म्हणून खोलीचा फ्यूज काढूनच ठेवला. दाराबाहेर चिकट पट्टी, बादली, साबण, आणि कपड्यांसाठी झाकणाचा डबा.

मास्क हाफ फेस (नाक-तोंड झाकणारा), बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा. कापडी मास्क किंवा रुमाल याचा काहीच उपयोग नाही. काकांच्या मुलाला दाढी आहे, मास्क चेहऱ्याला बसेना, हवा बाजूने येते. त्याला सांगितलं की दाढी काढ नाहीतर बाहेरचं काम कर. दिवसभर रुसला. संध्याकाळी तुळतुळीत करून आला.

२५ ते २९ नोव्हेंबर

स्प्रेच्या बाटलीने पाणी मारायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग पत्रीने खरवडायचं, परत पाणी. ओला रंग धूळ न होता चिखलासारखा येतो, चिकट, हिरवा. काम निम्म्या वेगाने होतं. काका पहिल्या दिवशी वैतागले, तिसऱ्या दिवशी स्वतः मुलाला ओरडत होते, "पाणी मार आधी, कोरडं नको घासू." रोज सुटताना प्लास्टिक आतल्या बाजूने घडी करून पिशवीत, पिशवीवर पिशवी. हात आणि तोंड साबणाने धुतल्याशिवाय चहा नाही, तंबाखूची डबी खालीच कोनाड्यात. कामाचे कपडे इथंच धुवायचे, घरी न्यायचे नाहीत. हे शेवटचं काकांना पटवायला लागलं नाही. त्यांच्या घरी तीन वर्षांची नात आहे, संध्याकाळी दारात पोहोचले की धावत येऊन पायाला मिठी मारते म्हणे. त्याच पँटला.

३० नोव्हेंबर, शनिवार

एक चौकट कुजलेली निघाली, ती बदलली. जुनी चौकट फोडून दिंडी दरवाज्यापाशी ठेवली होती. शेजारच्या आजी आल्या, म्हणाल्या बाळा हे लाकूड मला बंबाला दे, थंडी पडलीय. नाही म्हणायला फार जड गेलं, कारण वाड्यावाड्यात हेच चालतं, जुनं सागवान कोणी टाकत नाही, बंबात, चुलीत, होळीत जातं. पण या लाकडावर चार थर शिसं आहे. जाळलं की धुरात जाणार, उरलेलं राखेत. आणि त्या राखेने आजी भांडी घासतात. मी त्यांना चौकटीवरचा हिरवा रंग दाखवून सांगितलं, त्यांना आधी वाटलं द्यायचं नाही म्हणून काहीतरी सांगतोय. मग नारळाच्या शेंड्या आणि सुताराकडच्या कोऱ्या लाकडाची ढलपी पोतंभर आणून दिली त्यांना. त्या म्हणाल्या मागच्या वर्षी समोरच्या वाड्याचे दरवाजे जाळले होते गं बाई, आणि गप्पच झाल्या. मला काय बोलावं कळेना. राखेचा डबा मात्र त्यांनी माझ्यासमोर रिकामा केला.

३ डिसेंबर, मंगळवार

मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, जुने, एक तडकलेला. काकांचा मुलगा हातोडा घेऊन चढत होता, वेळेवर दिसला. या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. अख्खा असेल तर शांत पडून राहतो, फोडला, कापला, ड्रिल मारलं की तंतू सुटतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात, कॅन्सर दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. तडकलेला एकच काढला, पाणी मारून भिजवला, बोल्ट सोडवून अख्खा उतरवला, दोन जाड प्लास्टिकमधे गुंडाळला. बाकीच्यांना हात लावला नाही.

कचरा आता अकरा पिशव्या आणि हा पत्रा. घंटागाडीत टाकता येणार नाही, ओल्या-सुक्यात मिसळून जाईल. कंपनीच्या हजार्डस वेस्टमधे घालू का असा मोह झाला होता, पण तिथं प्रत्येक किलोची नोंद असते, घरचं त्यात घुसवणं चुकीचं. सगळं लेबल लावून जिन्याखाली कुलपात ठेवलंय. वॉर्ड ऑफिसला लेखी विचारलंय.

८ डिसेंबर, रविवार

प्रायमर, दोन हात. काकांनी एक अर्धा डबा आणला होता, एमआयडीसीतल्या कामाचा उरलेला, म्हणाले लई मजबूत माल आहे, गजांना फुकट मारून देतो. डबा फिरवून बघितला, इंडस्ट्रियल. ९० पीपीएमचा नियम फक्त घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांना आहे, इंडस्ट्रियल रंग त्यात येतच नाहीत. इतकं करून परत शिसंच लावलं असतं. डबा परत पाठवला, दुकानातून ९० पीपीएम लिहिलेला घेतला. काका पण आता डब्याची मागची बाजू वाचतात.

शेवटी पूर्ण खोली वरून खाली, आढं, भिंत, खिडकी, फरशी, व्हॅक्यूम-पुसणं-व्हॅक्यूम. पांढरं ओलं फडकं खिडकीच्या फळीवरून फिरवलं, राखाडी आलं. परत पुसलं. तिसऱ्यांदा पांढरं राहिलं.

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पुतणीचा दुसरा रिपोर्ट, ५.१. रक्तातलं निम्मं उतरायला साधारण महिना-दोन महिने लागतात, हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं, म्हणून डॉक्टरांनी मे मधे परत बोलावलंय. दादा-वहिनी राहायला आले, पोरगी खिडकीच्या फळीवर बसून बोळातल्या गाया बघते. वहिनी रोज संध्याकाळी फळी ओल्या फडक्याने पुसते, कोणी सांगावं लागत नाही. काल मला म्हणाली भावजी, चहा टाकलाय.

काकांच्या रक्तातलं शिसं ३१ आलं होतं. डिसेंबरपासून ते कुठल्याही कामावर जाताना बरोबर स्प्रेची बाटली, साबण आणि एक जोडी कपडे नेतात. नातीचं रक्त अजून तपासलेलं नाही, घरच्यांनी सुईच्या भीतीने टाळलं. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन जाणार आहे, काका तिला मांडीवर घेऊन बसणार.